स्प्रिंग नसलेली खुर्ची

मुंबईत सोफासेटवाल्याकडे खुर्ची दिली की जुनं कापड फाडायचं, फोम चिकटवायचा, गनने पिना मारायच्या आणि संध्याकाळी टेम्पोत घालायची. इथे पॅरिसमध्ये सोळाव्या लुईच्या धाटणीच्या एका खुर्चीचं नुसतं गादीकामच कित्येक दिवस चालतं. कारण फोमला कापून आकार येतो, घोड्याच्या केसांना तो सुईने शिवून द्यावा लागतो.

ही धाटणी 1760च्या दशकात सुरू झालेली: सरळ, खाली निमुळते होत जाणारे, उभ्या खाचांचे पाय. अशा खुर्चीत स्प्रिंगा दिसल्या तर त्या नंतर कुणीतरी घातल्या आहेत. गादीकामात स्प्रिंगा रुळल्या त्या एकोणिसाव्या शतकात.

जुनं काढताना पटाशी नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने चालवायची, आडवी मारली की बीचचं लाकूड चिरतं. सोनेरी वर्ख असेल तर ओलं फडकं लावायचंच नाही, खालचा खडूचा थर पाण्याने सुटतो. मग कुसवं, म्हणजे लाकडात लाकूड बसवलेले सांधे, तपासायची. डुगडुगत असतील तर जुना सरस (जनावरांच्या कातडी-हाडांचा डिंक) काढून नवा सरस, साधारण 60 अंशांवर, दुहेरी भांड्यात, म्हणजे गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात. उकळला की त्याची पकड जाते. फेव्हिकॉल नको, पुढच्या कारागिराला तो सांधा सोडवता यायला हवा. (पावसाळ्यात मात्र सरस दमटपणाने मऊ पडतो, मुंबईकरांनी खुर्ची ओल्या भिंतीपासून लांब ठेवावी.) खिळ्यांनी चाळण झालेली भोकं सरस आणि लाकडाच्या भुशाने भरायची.

आता रुंद तागाच्या पट्ट्या, एकमेकींत विणलेल्या, ढोलासारख्या ताणलेल्या. चुका (बारीक खिळे) एका ओळीत न मारता मागे-पुढे मारायच्या, नाहीतर लाकडाला लांब भेग जाते. सांधे कच्चे असताना पट्ट्या ताणल्या की चौकटच आत ओढली जाते.

वर गोणपाट. त्यात दोऱ्याचे सैलसर फास, खालून बोटं सरकतील इतपत. त्यांत पिंजलेले केस अडकवायचे. फास फार ढिले राहिले तर बसणाऱ्याच्या वजनाने केस एका बाजूला सरकतात. त्यावर विरळ विणीचं तागाचं कापड, मधोमध आरपार टाके. कापडाच्या कडेच्या चुका आधी अर्ध्याच ठोकायच्या, म्हणजे ताण बदलता येतो.

खरी कसोटी कडेची. दोन्ही टोकांना अणकुची असलेली लांब सुई कडेतून आत घालायची, पूर्ण बाहेर न काढता फिरवून परत आणायची. दोरा आतले केस ओढून कडेशी आणतो. अशा दोन आंधळ्या, म्हणजे वरून न दिसणाऱ्या ओळी, मग वरची उघडी ओळ, आणि सोळाव्या लुईला शोभणारी काटकोनी धार उभी राहते. शिवण्याआधी कड गच्च भरली नसेल तर टाके आवळताना खड्डे पडतात, ते नंतर भरून येत नाहीत.

पुढचं काम सोपं: केसांचा पातळ थर, मांजरपाट, कापूस, रेशीम. ताण मांजरपाटाने सोसायचा, रेशमाने नव्हे. कापूस गाळला तर केस टोचू लागतात.

चोरबाजारात मिळणाऱ्या तलवारीसारख्या वाकड्या पायांच्या शिसवी खुर्च्या बहुधा वेताच्या विणीच्या असतात. चौकटीत बारीक भोकांची रांग दिसली तर गादीवाला नको, वेत विणणारा गाठा.