६०० एस्कुडोंची नोट कस्टम्समधून सोडवताना

गोव्याच्या पोर्तुगीज नोटा जमवणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगतो. परदेशातून नोट मागवणार असाल, तर पैसे पाठवण्यापूर्वी विक्रेता पावतीवर नेमकं काय लिहिणार ते विचारून घ्या. माझी नोट अडकली ती त्या एका ओळीपायी.

मला १९५९ची मालिका पुरी करायची होती. पोर्तुगीज गोव्याचं जुनं चलन रुपिया जाऊन एस्कुडो आला तेव्हा एका रुपियाला सहा एस्कुडो असा दर ठरला. म्हणून ३०, ६०, ३००, ६०० हे वेगळेच आकडे. जुन्या ५, १०, ५०, १०० रुपियांचा तो सरळ हिशेब. बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेच्या या नोटा जेमतेम तीन वर्षं चालल्या. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, भारतीय रुपया आला आणि त्या बाद झाल्या. लहान किमतीच्या नोटा इथल्याच प्रदर्शनांत मिळाल्या. ६००ची लिस्बनच्या विक्रेत्याकडे सापडली.

पाकीट भारतात पोचलं आणि कस्टम्समध्ये अडकलं. आधार, पावती, पैसे भरल्याचा पुरावा मागितला, तो दिला. मग कळवलं की परकीय चलन टपालाने आणता येत नाही.

"मॅडम, हे चलन नाही, बाद नोट आहे."

"पावतीवर बँकनोट लिहिलंय ना? मग चलनच."

पोर्तुगालातसुद्धा २००२मध्ये युरो आल्यावर एस्कुडो गेला, हे सांगितलं. "लेखी द्या." लेखी दिलं, तर साहेब रजेवर. साहेब आले, तर फाइल दुसऱ्या टेबलावर. बाहेर धो धो पाऊस, आणि साठ वर्षांहून जुना कागद कुठल्या गोणीत पडलाय या विचाराने जीव नुसता कासावीस. टपालाचं ट्रॅकिंग रोज तेच दाखवायचं. ज्या राजवटीला आपल्या माणसांनी घालवलं, तिच्या रद्द नोटेला अजून चलन म्हणतात, याचा मला खरोखर संताप यायचा.

सुटका झाली ती ९७०५ या आकड्याने. कस्टम्सच्या वर्गवारीत नाणी-नोटांच्या संग्रहवस्तू या शीर्षकाखाली येतात. चालू नोटांचं शीर्षक ४९०७. विक्रेत्याकडून नवी पावती मागवली: 'संग्रहासाठी जुनी नोट, चलनातून बाद', खाली ९७०५. सोबत कॅटलॉगमधलं त्या नोटेचं पान जोडलं. वरिष्ठांनी ते पान नीट वाचलं, शुल्क लावलं आणि सही केली. त्या सहीचा आनंद अजून आहे.

पाकीट उघडलं. गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आल्बुकेर्कचं चित्र स्वच्छ, मधली एक घडी, कडेला टाचणीची दोन भोकं; वर्णनात होतं तेच. नोट घेताना ती तिरप्या उजेडात धरा. धुऊन दाबलेल्या नोटेवर छपाईचा उठाव बोटाला लागत नाही. आणि पीव्हीसीच्या पिशवीत ठेवू नका, मायलर या पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मचीच घ्या.

आता १०००ची शोधतोय. या वेळी पावतीचा मजकूर मीच लिहून पाठवणार.