आईची सोलं आणि माझं फायबर

2024 च्या मे महिन्यातला शेवटचा रविवार. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, म्हणजे त्याच आठवड्यात होड्या वर ओढायला सुरुवात होणार आणि आमच्या कारखान्यात रांग लागणार. मी फायबरच्या होड्या बनवतो आणि दुरुस्त करतो. अकरा वर्षं तेच काम. त्यामुळे घरची होडी हातात घ्यायची तर त्या एकाच दिवशी.

घर मालवणजवळ, कर्ली नदीच्या काठाला, देवबागच्या अलीकडे. होडी अठरा फुटी, जुन्या पद्धतीची. तळ आंब्याच्या अख्ख्या खोडातून कोरलेला आणि वर दोन्ही बाजूंना फळ्या काथ्याने शिवलेल्या. एक खिळा नाही. आजोबांनी बांधली, बाबांनी वापरली. दर वर्षी दिवाळीच्या आधी बाबा तिला उंडीच्या बियांचं तेल पाजायचे. त्या उंडेलाचा कडवट वास आमच्या पडवीतून कधी गेलाच नाही.

दोन वर्षांपूर्वी मी त्यांना म्हटलं, कशाला दर वर्षी हा त्रास, मी फायबर चढवतो. आणि चढवलं. काचतंतूंची 450 ग्रॅमची मॅट रेझिनने चिकटवून, दोन थर, वर निळा जेलकोट, म्हणजे चकचकीत वरचा लेप. गावातले लोक बघायला आले होते. मी फोटोही काढला होता.

यंदा डाव्या बाजूला, नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, पाच-सहा हातांवर, बाबांनी आतून अंगठा दाबला तर लाकूड आत गेलं. पाव दाबावा तसं.

तर माझा बेत साधा होता. ग्राइंडर लावून तेवढा भाग खरवडायचा, मोकळा करायचा, वर नवीन ठिगळ. दुपारपर्यंत काम संपलं असतं. पण मशीनची वायर जोडतो तोच आई मागच्या दाराने बाहेर आली. परड्यात तिची सोलं, म्हणजे कोकमं, वाळत होती. रातांब्याची सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा उन्हात घालायची, हे ती गेले सहा दिवस करत होती.

"माज्या सोलांर काच पडली तर ती कडी कोण खातलो? मशीन चालू करू नको हां."

मी म्हटलं, झाक ना तासभर. ती म्हणाली, झाकलं तर ऊन कुठून लागणार. मुद्दा बरोबर होता. फायबरची धूळ वाऱ्याबरोबर कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही, हे तर मीच कारखान्यात नवीन पोरांना ओरडून सांगतो. होडी हलवायला चार माणसं लागतात, आणि गावातली सगळी चार माणसं त्या दिवशी लग्नात. मशीन ठेवलं, पटाशी आणि हातोडी घेतली.

पटाशी काठाखाली घातली, जरा उचलली, आणि थर सुटला. म्हणजे तुकडा नव्हे, ताव. ओढत गेलो तसा सुटत गेला, दोन हात रुंद, चार हात लांब, अख्खा. मला वाटलं होतं की घाम गळेल. कारखान्यात एखादा थर असा हातात आला असता तर तो लावणाऱ्याला मी दिवसभर बोललो असतो.

तीस वर्षं तेल प्यायलेल्या लाकडाला पॉलिएस्टर रेझिन कसं धरणार? वरून खरवडून कोरडं दिसलं म्हणून मी लावलं, पण तेल आत मुरलेलं होतं. शिवाय आंब्याचं लाकूड पावसात फुगतं, मेमध्ये आकसतं. फायबर दोन्ही करत नाही. पहिल्या वर्षीच ते सुटलं असणार. मग पावसाचं पाणी होडीत साचलं, फळीतून झिरपलं आणि फायबरपाशी येऊन अडकलं. खाऱ्या पाण्यात लाकूड टिकतं, गोडं पाणी त्याला कुजवतं. हे मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वीही होतं.

तो ताव उलटा करून बघितला. आतल्या बाजूला आजोबांचे टाके जसेच्या तसे उमटलेले, दोराचा पीळसुद्धा. कारखान्यात असा सुबक साचा काढायला आम्हाला आठवडा जातो.

बाबा मागे येऊन उभे होते. त्यांनी बघितलं, कुजलेल्या फळीवरून हात फिरवला. "पाणी आत गेला. भायर येवक वाट खय होती?" एवढंच. मग घरात गेले आणि माळ्यावर काहीतरी सरकवल्याचा आवाज आला.

फळी घेऊन आले. आंब्याची, पाच फुटी, कापून, तेल लावून ठेवलेली. 2021 च्या तौक्ते वादळात परड्यातला आंबा पडला होता, त्याची.

"ही कधी कापलात?"

"तू फायबर लावलंस, त्याच महिन्यात."

मग मात्र मला राहवलं नाही. "मगे तेव्हाच कित्याक नाय बोललात?"

"तू मास्क लावन, हातमोजे घालून इललंस. माका वाटला, ह्येका म्हायत आसतला."

यावर काय बोलणार? ताई पडवीत भाजी चिरत होती. ती इतकी हसली की सुरी खाली ठेवावी लागली.

मधे आंघोळ करून लग्नाला अक्षता टाकून आलो. फायबरची खाज साबणाने लगेच जात नाही, चोळलं तर वाढते. मुंडावळ्या नवऱ्याला होत्या आणि घामाने खाजवत मी होतो. त्याबद्दल इथे एवढंच पुरे.

दुपारी सव्वादोनला शिवायला बसलो. शिवायला म्हणजे खरोखर शिवायला. जुनी फळी काढली, नवी तासून बसवली. कमान फार नव्हती म्हणून निभावलं. दोन्ही काठांना चार-चार बोटांवर गिरमिटाने भोकं पाडली, समोरासमोर. बाहेरच्या अंगाला भोकापासून भोकापर्यंत बारीक चर कोरला, म्हणजे दोर त्यात बुडून राहतो आणि होडी वाळूवर ओढताना घासला जात नाही. आतल्या अंगाला सांध्यावर नारळाच्या सोडणाची लांब वळकटी ठेवायची आणि टाका तिच्यावरून घ्यायचा.

हे काम एका माणसाचं नाही. बाबांचा गुडघा वाकत नाही म्हणून ते आत बसले आणि मी बाहेर, होडीखाली आडवा. मधे फळी. त्यांचा चेहरा दिसत नव्हता. भोकातून दोराचं टोक यायचं, मी ते ओढून शेजारच्या भोकातून आत सारायचो. मग आतून ते दांडक्याला पीळ देऊन दोर ताणत. ताणला की फळीचा करकर आवाज यायचा. "हां" म्हटलं की मी भोकात लाकडाची खुंटी ठोकायची, म्हणजे पुढचा टाका घेताना मागचा सैल पडत नाही. पहिल्या तीन-चार वेळा मी खुंटी उशिरा ठोकली. आतून काही बोलणं नाही, फक्त दोर पुन्हा सैल सोडल्याचं जाणवायचं. म्हणजे परत.

दहाव्या-बाराव्या टाक्यानंतर "हां" म्हणायची गरज उरली नाही. दोर हाताला जरा थरथरला की कळायचं.

आईने मधे चहा आणला. एक कप आत दिला, एक माझ्या छातीवर ठेवून गेली. आडव्या माणसाने चहा कसा प्यायचा, हे तिने सांगितलं नाही.

सूर्य टेकला तेव्हा शेवटचा टाका झाला. भोकांमध्ये सोडणाचे तंतू ठोकले आणि वरून राळ उंडेलात वितळवून गरम गरम चोपडली. चुलीवर ती कढत असताना सोलं आत गेलेली होती, आईने आधीच नेली होती.

मग उलटी परीक्षा. ताईच्या पोरांना मुंबईहून आल्यापासून काम हवंच होतं. त्यांनी खाडीवरून बादल्या भरभरून होडीत पाणी ओतलं आणि मी बॅटरी घेऊन खालून बघत फिरलो. नव्या शिवणीवर तीन ठिकाणी थेंब. मी कोळशाने खुणा केल्या. आणखी एक थेंब पार दुसऱ्या बाजूला, जुन्या शिवणीत.

भाचा मोजत होता. "मामाचे तीन, आजोबांचा एक."

बाबा काठी टेकत तिकडे गेले, वाकता येईना म्हणून बॅटरी मागून घेतली आणि बराच वेळ बघितलं.

"तो माझो न्हय," ते म्हणाले. "माज्या बापाशीचो टाको."