पाठीवरचा दंड

परवा कॅन्टीनमध्ये मागच्या टेबलावरच्या एका मुलीनं माझ्या खांद्याला हात लावला आणि हळूच म्हणाली, अगं तुझा शर्ट मागून उसवलाय बहुतेक, मधोमध शिवण दिसतीये. मी म्हटलं उसवला नाहीये गं, तो दंड आहे. ती म्हणाली दंड म्हणजे? मग मी सांगायला लागले आणि सांगता सांगता दोन चहा झाले आणि पुढचं लेक्चर गेलं. तेच आज सगळं नीट लिहून काढावं म्हटलं.

तर दंड म्हणजे असं. पूर्वी बायकांचं लुगडं मध्येच विरलं की टाकून देत नसत. नऊवारी जिथे बसण्या-उठण्यानं घासतं, काष्ट्याजवळ वगैरे, तिथे ते आधी पातळ होतं आणि मग फाटतं. मग तेवढा भाग कापून काढायचा, उरलेले दोन तुकडे एकमेकांना जोडायचे आणि मधे हातानं बारीक टाके घालून पक्की शिवण घालायची. याला म्हणतात दंड घालणं. दंड घातलेलं लुगडं घरात, शेतात नेसायचं, तेही विरलं की गोधडीत जायचं. आमच्या बार्शीच्या घरी आज्जीच्या गोधड्यांमध्ये अशी कितीतरी लुगडी आहेत आणि कुठलं कधीचं ते ती हात फिरवून सांगते.

माझा शर्ट अशाच एका इरकली लुगड्याचा आहे. शेवाळी हिरवा रंग, काठ गोमी नावाच्या नक्षीचा, पदर लाल.

मी दिवाळीत घरी गेले होते तेव्हा आज्जीनं गोधडीसाठी जुन्या कपड्यांचं गाठोडं सोडलं होतं आणि त्यात हे लुगडं होतं. मी ते उचललं आणि म्हटलं आज्जी हे मला दे. ती म्हणाली काय करतीस गं त्याचं, जीव नाही राहिला त्यात. खरं तर जीव होता. दंडाच्या एका बाजूचं कापड अजून चांगलं घट्ट होतं, फक्त धुऊन धुऊन मऊ झालं होतं, इतकं मऊ की नवीन कुठलंच कापड तसं लागत नाही. मी म्हटलं शर्ट शिवणार. ती जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली शीव, पण पदर कापायचा नाही.

इरकलचा पदर का कापायचा नाही हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ते मला पुण्यात टेलरकाकांनी दाखवलं. इरकल हे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं गाव, इलकल म्हणतात तिकडे. तिथल्या साडीचं अंग सुती असतं आणि पदर रेशमी, आणि हे दोन्ही नंतर शिवून जोडलेले नसतात. मागावरच अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे एकमेकांत फासा घालून अडकवतात, एकेक धागा. त्याला कोंडी म्हणतात. त्यामुळे मोठा ताणा, म्हणजे हे उभे धागे, लावून एकामागून एक साड्या विणत सुटता येत नाही, साडीच्या मापाचा ताणा करावा लागतो. काकांनी ते लुगडं दुकानाच्या दारात उजेडाकडे धरलं आणि हिरवा संपून लाल सुरू होतो तिथे माझा अंगठा ठेवला. बोटाला अगदी बारीक खरखर लागते, ज्वारीच्या पानाच्या कडेसारखी. म्हणाले इथून कात्री लावली तर पदर सुटेल, इकडे वीतभर हिरवं ठेवूनच कापायचं. आणि त्या पदरावरची नक्षी बघितली तर तिच्यात फणी आहे, कोटाचे बुरूज आहेत आणि ज्वारीची कणसं आहेत. आमच्या सोलापूर जिल्ह्यात मालदांडी ज्वारी खाऊन मोठ्या झालेल्या बाईच्या खांद्यावर वर्षानुवर्षं ती कणसं होती आणि मी ती एकदाही नीट बघितली नव्हती.

मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. एका खोलीत चौघी, प्रत्येकीला एक कॉट, एक लोखंडी कपाट आणि भिंतीवर दोन खुंट्या. कपाट एवढं छोटं आहे की काय ठेवायचं आणि काय नाही याचा विचार करावाच लागतो. फर्स्ट इयरला आले तेव्हा मला पुण्यातल्या मुलींसारखं दिसायचं होतं. एफसी रोडला संध्याकाळी नुसतं उभं राहून बघायचे मी, कोणी काय घातलंय, केस कसे बांधलेत, झुमके कुठले. हाँगकाँग लेनमधून कानातले आणायचे, तुळशीबागेत क्लिपांच्या ढिगात तासभर घालवायचे. त्यात वाईट काहीच नव्हतं, मला ती गर्दी आजही आवडते. पण मी जे घ्यायचे ते कुणावर तरी बघितलेलं असायचं आणि माझ्या अंगावर आलं की मला सारखं आरशात बघून खात्री करावीशी वाटायची की ठीक दिसतंय ना. पूर्ण दिवस त्या कपड्याकडेच लक्ष.

सेकंड इयरला मी एक को-ऑर्ड सेट, म्हणजे वरचं-खालचं एकाच कापडाचं असतं तो, ऑनलाईन मागवला होता, महिनाभर पैसे साठवून. ट्रॅडिशनल डेच्या आदल्या आठवड्यात घातला तर त्याच दिवशी वर्गात अजून दोघींनी तोच घातला होता, फक्त एकीचा रंग वेगळा. त्याचंही एक वेळ मला काही वाटलं नाही. पण दुसऱ्या धुण्यात तो आटला, खांद्यात घट्ट झाला. मी तो घेऊन टेलरकाकांकडे गेले की जरा सैल करून द्या. त्यांनी उलटा केला, शिवण बघितली आणि म्हणाले, "यात माया नाही गं बाळा, सोडणार काय?"

माया हा शब्द मला आईच्या तोंडून माहीत होता. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात ती माया. शाळेच्या स्कर्टला खाली चार बोटं माया असायची आणि दर जूनमध्ये आई ती सोडायची, मग खाली एक गडद पट्टा दिसायचा कारण आतलं कापड उन्हात विटलेलं नसायचं. तो पट्टा बघून कळायचं की पोरगी एका वर्षात केवढी वाढली. आईच्या लग्नातले ब्लाउज अजून तिला होतात ते मायेमुळेच. आणि माझ्या त्या सेटमध्ये मशीननं कडेला पाव इंचावर ओव्हरलॉक मारून बाकी सगळं कापून टाकलेलं. मला खूप वाईट वाटलं त्या दिवशी, पैशाचं वाटलंच पण त्याहून जास्त हे वाटलं की हा कपडा करतानाच कुणी धरून चाललं नव्हतं की घालणारी बदलेल, जाड होईल, बारीक होईल, तिला तो अजून चार वर्षं घालावासा वाटेल.

त्यानंतर मी कपडे उलटे करून बघायला लागले. दुकानात गेले की आधी आतली बाजू. खणाचं उदाहरण घ्या. सध्या सगळीकडे खण आहे, खणाचे ड्रेस, खणाच्या पर्स, खणाचे कानातले, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे कारण खण म्हटलं की कर्नाटकातल्या गुळेदगुड्ड गावच्या विणकरांचं काम आणि आपल्या आज्ज्यांच्या चोळ्या. पण बाजारात खणाची नुसती छपाई केलेलं पॉलिस्टरही भरपूर आहे. तुळशीबागेतल्या एका मावशींनी मला शिकवलं, पोरी, मागून बघ. विणलेली नक्षी असेल तर उलट्या बाजूला धागे दिसतात, रंग उलटे पडलेले दिसतात. छपाई असेल तर मागून नुसतं फिकट. त्या स्वतः दोन्ही विकत होत्या आणि दोन्ही कुठलं ते स्पष्ट सांगत होत्या, म्हणून मी त्यांच्याचकडे जाते.

शर्टच का, हे पण मला खूप जण विचारतात, ड्रेस किंवा कुर्ता का नाही. त्याचं कारण मंडई. आमच्या खोलीपासून मंडई चालत दहा-बारा मिनिटांवर, रविवारी मेस बंद असली की आम्ही काकडी-टोमॅटो आणायला जातो. महात्मा फुले मंडईची ती दगडी इमारत इंग्रजांच्या काळातली, १८८६ ची, तेव्हा तिला रे मार्केट म्हणायचे. तिच्या बाहेरच्या बाजूला एक आजी मेथी-कोथिंबीर घेऊन बसतात. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, अंगावर साडी आणि साडीवर पुरुषाचा फुल शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. वरच्या खिशात सुट्टे पैसे आणि तंबाखूची डबी. आमच्याकडे शेतात सगळ्या बायका असाच घालतात, लुगड्यावर नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना शर्ट, ज्वारी काढताना पात हाताला कापते म्हणून आणि उन्हासाठी. आज्जीचा पण होता, आजोबांचा, निळ्या चौकटीचा. त्या मंडईतल्या आजी पैसे मोजून खिशात टाकतात ना, त्या वेळी त्यांचा हात ज्या सवयीनं जातो, न बघता, ते मला इतकं देखणं वाटतं की मी कितीदा तरी उगाच दहाची कोथिंबीर घेऊन आलेय. त्यांना कुणी स्टायलिश म्हणणार नाही कदाचित. मला पुण्यात सगळ्यात जास्त स्टाईल त्यांच्याकडेच दिसली.

मग मी काकांना म्हटलं मला असा शर्ट पाहिजे, ढगळ, वर खिसा, आणि खाली काठ आला पाहिजे. काठ खाली घ्यायचा म्हणजे कापड आडवं वापरायचं आणि तसं केलं की दंड उभा येतो. काका म्हणाले टाळता येईल, दंड बाजूला ठेवून कापतो, जरा कापड वाया जाईल. मी म्हटलं नको, तो पाठीवर मधोमध घ्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले लोक विचारतील. मग स्वतःच त्या टाक्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "हात चांगला आहे, कुणाचा?" मी म्हटलं आज्जीचा. त्यानंतर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, फक्त दंडावर ओढ येईल म्हणून आतून एक पट्टी लावतो म्हणाले. काजं हातानं केली. आणि बगलेत दोन्हीकडे दीड इंच माया सोडली, मी न सांगता. शिलाई ४०० रुपये. पदर वीतभर हिरव्यासकट वेगळा काढून कडेला तुरपाई करून दिला, तो मी आज्जीला परत नेऊन दिला.

हा शर्ट मी आठवड्यातून दोनदा तरी घालते. मशीनला देत नाही, बादलीत थंड पाण्यात एकटाच भिजवते, गच्चीवर सावलीत उलटा वाळत घालते. रूममेट म्हणते एवढं काय त्याचं, पण मला ते सगळं करायलाच आवडतं, म्हणजे तो पिळताना पाण्यात जो मातीसारखा ओल्या सुताचा वास येतो तो मला घरी घेऊन जातो. रविवारी पहाटे फर्ग्युसनच्या मागून हनुमान टेकडीवर जातो तेव्हा तो घालते. चढताना पाठ घामेजते आणि मधोमध ती दंडाची रेघ जाणवते, मणक्यावरून कुणीतरी बोट ठेवल्यासारखी. वरून अख्खं पुणं धुक्यात, कुठेतरी मोर ओरडतो, कुणी आजोबा मोठ्यानं हरिपाठ म्हणत उतरत असतात. खाली आलो की अमृततुल्यमध्ये चहा, पितळेच्या भांड्यात उकळलेला, आलं-वेलदोड्याचा, बरोबर खारी. खिशात सुट्टे असतात, हात न बघता जातो. त्या अर्ध्या तासात मी कशी दिसतेय हा विचार एकदाही डोक्यात येत नाही. मला वाटतं मी फर्स्ट इयरला एफसी रोडला उभी राहून हेच शोधत होते, फक्त कुठे बघायचं ते माहीत नव्हतं.

काल संध्याकाळी आज्जीचा फोन होता. बाकी चौकशी झाल्यावर विचारलंन, दंड धरलाय का गं अजून? मी म्हटलं धरलाय. फोन ठेवून शर्ट खुंटीवरून काढून बघितला तर खाली काठाजवळ चार टाके खरंच सुटले होते. हिरवा दोरा नव्हता, दुकानं बंद झाली होती, रूममेटच्या डबीत फक्त निळा होता. मग कॉटवर बसून, मोबाईलचा टॉर्च उशीला टेकवून, निळ्यानंच घातले. आज्जीचे टाके मुंगीएवढे आहेत, माझे तांदळाच्या दाण्याएवढे झालेत. परत उसवले नाहीत, तसेच ठेवलेत, उद्या टेकडीवर घालायचाय.