टंकनातील विलंबाचा शोध : तिसऱ्या आठवड्याची नोंद

संगणकावर मराठी टंकताना कळ दाबल्यावर अक्षर पडद्यावर उशिरा का उमटते, याचा हा शोध आहे. मागील दोन नोंदींत मोजमापाची पद्धत ठरली होती, तीच या आठवड्यातही कायम ठेवली. मोबाइलच्या कॅमेऱ्याने सेकंदाला २४० चौकटी (फ्रेम) या वेगाने कळफलक आणि पडदा एकाच दृश्यात टिपायचे आणि कळ दाबली गेल्यापासून अक्षर उमटेपर्यंतच्या चौकटी मोजायच्या. एक चौकट म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र दाखवत असल्यामुळे एकट्या मोजमापावर विसंबता येत नाही. म्हणून दर वेळी वीस कळा दाबून मध्यक, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला आकडा, घेतला. कळ नेहमी ‘क’चीच ठेवली, कारण हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) दिल्यावर आधीच्या अक्षराचेही रूप बदलते आणि अक्षर नेमके केव्हा ‘उमटले’ हे ठरवणे अवघड होते.

कोऱ्या फाइलीत १५ चौकटी लागत होत्या, तर माझ्या जुन्या हस्तलिखिताच्या टंकित प्रतीत ९०. म्हणजे सुमारे ३७५ मिलिसेकंद. इतक्या विलंबाने बोटे पुढे धावतात, अक्षरे मागून येतात आणि लिहिणाऱ्याचा वाक्यावरचा ताबा सुटतो.

सोमवारी लेखनाचे सॉफ्टवेअर सेफ मोडमध्ये, म्हणजे किमान सोयींसह, उघडून सर्व अ‍ॅड-इन (वरून जोडलेल्या सोयी) दूर ठेवले. फरक जवळपास नाहीच. हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन, म्हणजे पडद्यावरचे चित्र काढण्यासाठी ग्राफिक्स चिपची मदत घेणे, बंद करूनही आकडा हलला नाही. टंकताना होणारी शुद्धलेखन तपासणी थांबवल्यावर मात्र तो ८० चौकटींवर आला, म्हणून दोन दिवस मी तिच्याच मागे लागलो. ते चुकले. फाइल आपोआप जतन होताना बसणारा झटका हा वेगळा विकार आहे; तो ठरावीक काळाने येतो, प्रत्येक अक्षरामागे नाही.

खरा धागा गुरुवारी हाती लागला. त्याच फाइलीत वेगवेगळ्या ठिकाणी टंकून पाहिले, तेव्हा पहिल्या प्रकरणात वेग जवळपास कोऱ्या फाइलीइतका होता, तिसऱ्या प्रकरणात तो कोसळत होता आणि चौथ्यात पुन्हा सुधारत होता. दोष यंत्रात किंवा सॉफ्टवेअरच्या मांडणीत असता, तर तो सगळीकडे सारखाच जाणवला असता. न दिसणारी चिन्हे दाखवण्याची सोय चालू करताच तिसऱ्या प्रकरणातील प्रत्येक ओळीच्या शेवटी परिच्छेदखुणेऐवजी वाकडा बाण, म्हणजे शिफ्ट-एंटरने येणारी ओळतोड, दिसली. दुसरीकडून आणून चिकटवलेले ते अख्खे प्रकरण सॉफ्टवेअरच्या लेखी एकच परिच्छेद होते. ओळी कोठे मोडायच्या याचा हिशेब सॉफ्टवेअर परिच्छेदागणिक करते. त्यामुळे एक अक्षर वाढले तरी पानेच्या पाने मजकूर पुन्हा जुळवला जात होता, आणि देवनागरीत त्या हिशेबाला जोडाक्षरे व मात्रा जागेवर बसवण्याचे कामही जोडलेले असते. दोन्ही कडा जुळवलेल्या मजकुरात ओळतोडीच्या आधीचे शब्द विचित्र ताणलेले दिसत होते, ते मी इतके दिवस फॉन्टचा दोष समजत होतो. हीच खूण आधी ओळखायला हवी होती.

फाइलीची प्रत काढून ‘शोधा आणि बदला’मधील विशेष चिन्हांच्या साहाय्याने ओळतोडींच्या जागी परिच्छेदखुणा घातल्या. हे सरसकट करू नये, कारण पद्यातील ओळतोडी हेतुपुरस्सर असतात. त्या मी एकेक पाहून राखल्या. त्यानंतरचे मोजमाप २१ चौकटी, सुमारे ८७ मिलिसेकंद. शुद्धलेखन तपासणी पुन्हा चालू केली तरी आकडा तोच राहिला, म्हणजे तीही त्या अवाढव्य परिच्छेदामुळेच जड झाली होती.

कोऱ्या फाइलीपेक्षा अजून सहा चौकटी जास्त आहेत. चिकटवलेल्या मजकुराला माझ्याकडे नसलेल्या एका फॉन्टचे नाव अद्याप लागलेले आहे आणि त्याला पर्याय शोधण्यात वेळ जात असावा, असा माझा संशय आहे. पुढील आठवड्यात तो मजकूर एकाच फॉन्टमध्ये आणून पुन्हा मोजेन; मूळ बिघडलेली प्रत तुलनेसाठी तशीच जपून ठेवली आहे.