हातभर कापडावर कासचे पठार

सप्टेंबरच्या अखेरीस साताऱ्याजवळचे कास पठार पाहून आल्यावर ते दृश्य गोधडीच्या टाक्यांत उतरवावे असे मनात आले आणि १८ इंच रुंद, १२ इंच उंच अशी भिंतीवर टांगण्याजोगी छोटी गोधडी मी शिवायला घेतली.

पहिला प्रयत्न पार फसला. तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा आणि सीतेच्या आसवांचा जांभळा असे तुकडे पाकळ्यांच्या आकारात कापून जोडले, तेव्हा पठाराऐवजी तान्ह्या बाळाचे दुपटे दिसू लागले. सगळे उसवले. सीतेच्या आसवांचे फूल जेमतेम नखाएवढे असते. पठारावर उभे राहून दूरवर पाहिले, तर फुले नव्हे, रंगाचे पट्टे दिसतात, आणि त्यांच्या मधूनमधून काळपट कातळ डोके वर काढतो, कारण जांभ्या खडकावर मातीचा थर इतका पातळ आहे की मोठ्या झाडांना तिथे मूळ धरता येत नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी कातळापासूनच सुरुवात केली. सासूबाईंची विरलेली चंद्रकळा, म्हणजे काळी साडी, दुपदरी करून तळाला घातली आणि तिच्यावर रंगीत सुती पट्ट्या मध्ये फटी ठेवून अंथरल्या. या पट्ट्या कात्रीने न कापता हाताने फाडल्या, कारण सुटलेल्या दशा गवतासारख्या दिसतात. क्षितिजापाशी जुन्या धोतराचा एकेरी तुकडा ठेवला; त्यातून खालचा रंग जेवढा झिरपतो, तेवढेच तिथले धुके असते.

टाका एकच, गोधडीचा धावदोरा. जवळच्या भागात सहापदरी दोऱ्याचे लांब टाके घातले आणि दूर जाताना दोरा एकपदरी व टाका बारीक करत नेला. खोलीचा भास रंगापेक्षा यानेच अधिक झाला, असे माझे मत आहे. गेंद या रानफुलाची पांढरी बोंडे तेवढी पुढच्या कडेला गाठीच्या टाक्याने काढली. दोरा थोडा ओढला की कापड आक्रसते आणि वाऱ्याने गवत लवल्यासारख्या लाटा उठतात. आकाशात मात्र त्या नको होत्या, म्हणून तिथे टाके विरळ ठेवले. या ओढाताणीत रुंदी सव्वा इंचाने कमी भरली.

गोधडी पाहून सासूबाईंनी फुलांबद्दल काहीच विचारले नाही. चंद्रकळेचा काठ कुठे गेला, एवढेच विचारले. तो मागच्या बाजूला आहे, अखंड.