नौशेरा-राजौरी रस्त्यावर एक दिवस काम बंद होतं

मी सिव्हिलवाला. डिप्लोमा झाल्यापासून रस्त्याचीच कामं करतोय, त्यातली दोन वर्षं जम्मूकडं नौशेरा-राजौरी पट्ट्यात एका सबकॉन्ट्रॅक्टरकडं साईट इंजिनिअर म्हणून काढली. डोंगर कापायचा, रस्ता रुंद करायचा, जुन्या मोऱ्या लांबवायच्या. त्यातला हा एक दिवस.

सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या पोकलेनच्या ऑपरेटरनं मधेच इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. कटिंग चालू असताना ऑपरेटर असा कधीच उतरत नाही म्हणून मी पळत गेलो. त्यानं नुसतं बोट दाखवलं. बकेटच्या दातानं जिथं ओरखडा काढला होता तिथं मातीतून गंजलेलं लोखंड डोकावत होतं, छोट्या दुधी भोपळ्याएवढा आकार आणि मागच्या बाजूला पत्र्याचे पंख. मी जन्मात असलं काही पाहिलं नव्हतं पण बघताक्षणी कळलं की हा न फुटलेला शेल आहे, तोफगोळा. सगळ्यांना वळणाच्या पलीकडं पाठवलं, दोन्हीकडनं गाड्या थांबवल्या आणि जवळच्या आर्मी पोस्टला माणूस पिटाळला.

ऑफिसमधून फोन आला, पोकलेनचं एक दिवसाचं भाडं कोण भरणार, बांबूनं बाजूला ढकला आणि चालू करा. मी सरळ सांगितलं की माझ्या साईटवर हे होणार नाही, हवं तर उद्यापासून मला काढून टाका. आवाज चढला होता माझा. फोन ठेवल्यावर हात थरथरत होते.

बाराच्या आसपास सॅपर्सची, म्हणजे सुरुंग काढणाऱ्या लष्करी इंजिनिअरांची तुकडी आली. त्यातले हवालदार मी घरी फोनवर बोलत होतो ते ऐकून जवळ आले आणि म्हणाले, "राम राम साहेब, गाव कोणतं?" मी म्हटलं नेवासा. ते साताऱ्याकडचे, खडकीला बॉम्बे सॅपर्सच्या सेंटरला ट्रेनिंग झालेलं. हजारो किलोमीटरवर कोणी असं मराठीत विचारलं की काय वाटतं ते बाहेर राहिलेल्यालाच कळेल.

मग त्यांनी काम सुरू केलं आणि ते मी वळणावरून दुर्बिणीतून बघत होतो. एक सापडलं म्हणजे शेजारी आणखी काही असू शकतं, म्हणून आधी तिथपर्यंत जायची वाट तपासायची. डिटेक्टर फिरवून झाला की पोटावर झोपायचं, हातातली बारीक सळई तिरकी धरून हळूच जमिनीत सारायची, काढायची, दोन बोटं पुढं सरकायचं, परत सारायची. तिरकी अशासाठी की सुरुंग वरून दाब पडला की उडतो, सळई त्याच्या कुशीला लागली पाहिजे, डोक्याला नाही. मागं पांढरी पट्टी अंथरत जायची, पट्टीच्या आत मोकळं, बाहेर पाय टाकायचा नाही. आमची बकेट एका घासात जेवढी माती उचलते तेवढ्या जागेला त्यांना पाऊण तास लागला.

शेल जागेवरच उडवायचा ठरला. त्याचं सामान यायला वेळ होता म्हणून हवालदार आमच्याकडं चहाला आले. ग्लास हातात घेऊन म्हणाले, "साहेब, कोणाच्या रस्त्यावर काम करताय माहीताय ना? आमच्या राणेसाहेबांच्या."

रामा राघोबा राणे हे नाव शाळेत ऐकलेलं, परमवीर चक्र एवढंच माहीत. मूळ कारवारजवळच्या चेंडियाचे, वडील पोलीस शिपाई. 1940 ला साधे शिपाई म्हणून भरती झाले, रिक्रूट म्हणून पहिले आले, मग ब्रह्मदेशात जपान्यांशी लढाई. तिथं बुथीडाँगहून माघार घेताना दारूगोळा, गाड्या शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून उडवून द्यायला त्यांना मागं ठेवलं होतं, न्यायला येणारी बोट आलीच नाही, तर जपानी गस्त चुकवत नदी पार करून आपली माणसं परत आणली. डिसेंबर 1947 मध्ये ते सेकंड लेफ्टनंट झाले, आणि पुढच्या चार महिन्यांत हा रस्ता.

एप्रिल 1948. राजौरी हल्लेखोरांच्या ताब्यात, तिथल्या लोकांची कत्तल चालू, आणि नौशेऱ्याहून रणगाडे तिथं न्यायचे तर रस्ता असा उरलेलाच नाही, सुरुंग पेरलेले, मोऱ्या उडवलेल्या, चिडाची (पाइनची) झाडं आडवी पाडलेली. हवालदार सांगत होते की सुरुंगातून टँक जाताना राणेसाहेब टँकच्या खाली सरपटत पुढं सरकायचे, हातात दोन दोऱ्या, ओढून ड्रायव्हरला सांगायचे थांब आणि चल. रिक्रूट असताना ऐकलेली गोष्ट, पण सांगताना डोळे चमकत होते.

मी फोनवर साईटेशन, म्हणजे परमवीर चक्राचं मानपत्र शोधलं, तिथं रेंज यायची-जायची, तरी उघडलं. आणि वाचता वाचता माझ्या अंगावर काटा आला कारण ते वाचायला थेट आमच्या डेली प्रोग्रेस रिपोर्टसारखं होतं, तारीख, वेळ, काम. 8 एप्रिल, बरवालीच्या अलीकडं सुरुंग काढायला तुकडी थांबलेली असताना मोर्टारचा मारा, दोन जवान गेले, पाच जखमी, त्यात राणे स्वतः. उरलेल्यांना गोळा करून काम सुरू. 4 डोग्रा बटालियननं बरवालीची डोंगरधार घेतल्यावर रात्री दहापर्यंत मशिनगनच्या गोळ्यांत रणगाड्यांसाठी डायव्हर्जनचं, म्हणजे बाजूनं काढलेल्या तात्पुरत्या रस्त्याचं काम. 9 एप्रिल, सकाळी सहाला परत सुरू, दुपारी तीनला डायव्हर्जन तयार. मग सगळ्यात पुढच्या गाडीत बसून निघाले, अर्ध्या मैलावर आडवी झाडं, उतरून उडवली, तीनशे यार्डांवर परत तेच. संध्याकाळी सव्वासहाला पाच मोठी चिडाची झाडं, भोवती सुरुंग, वर मशिनगन. 10 एप्रिल, पहाटे पावणेपाचला त्याच झाडांवर काम सुरू, साडेसहाला मोकळं. दुपारी दोनला राजौरीच्या वाटेवरचं चिंगस गाठलं. मग रात्री नऊपर्यंत पुन्हा रस्ता मोकळा करायचं काम. 11 एप्रिल, सकाळी सहा ते रात्री दहा.

हवालदार म्हणाले, "तुम्ही इंजिनिअर ना, करा हिशोब." मी केला. आमच्याकडं पोकलेन, टिप्पर, डिझेल, वीस माणसं, वरून कोणी गोळी मारत नाही, तरी त्या उतारावर जड गाडी जाईल असं डायव्हर्जन मला दोन दिवसांच्या खाली जमत नाही. कडा खचते, भराव बसत नाही, माती ओली निघते. आणि त्यांच्या डायव्हर्जनवरून कितीतरी टनांचे रणगाडे गेले. शौर्याच्या गोष्टीत आपण गोळ्या आणि झेंडा ऐकतो, पण इथं भरावाला परमवीर चक्र मिळालंय, वेळेत पूर्ण झालेल्या भरावाला! 12 एप्रिलला सैन्य राजौरीत पोचलं. आजवर 21 जणांना परमवीर चक्र मिळालं, त्यातले 14 मरणोत्तर. राणे मेजर होऊन 1968 ला निवृत्त झाले आणि 1994 ला पुण्यात गेले.

"आमच्याकडं भगतसाहेबपण होते," हवालदार म्हणाले. प्रेमिंद्रसिंग भगत, 1941 ला इथिओपियाच्या मोहिमेत चार दिवस सुरुंग काढत 55 मैल रस्ता मोकळा केला, व्हिक्टोरिया क्रॉस. तेही बॉम्बे सॅपर्सचेच. एवढं बोलून त्यांनी ग्लास ठेवला, सामान आलं होतं.

वाळूची पोती रचली. आम्हाला आणखी मागं घालवलं. शिट्टी झाली, मग तो आवाज, आधी छातीत बसला आणि नंतर समोरच्या डोंगरावरून परत आला. धुरळा खाली बसेपर्यंत कोणीच काही बोललं नाही. आमचा ऑपरेटर माझा दंड घट्ट धरून उभा होता, तो बकेट अजून हातभर खाली घालणार होता सकाळी.

नंतर हवालदार एकटेच गेले, पांढऱ्या पट्टीच्या आतून, घाई न करता. खड्ड्याशी वाकले, बराच वेळ बघितलं, आजूबाजूची माती परत तपासली. सव्वापाच वाजले होते. मग उठून आमच्याकडं बघत हात वर केला, या.