दुपारची वीज, संध्याकाळची वीज

मंगळवार, रात्री साडेदहा

जेवताना लेकीशी एआयच्या विजेवरून बराच वेळ बोलणं झालं. तिचं म्हणणं, "बाबा, एका प्रश्नाला लागते तरी किती?" आकडा तिने बरोबर सांगितला. गूगलने ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर केलं, की जेमिनीला विचारलेल्या साधारण एका मजकुरी प्रश्नाला 0.24 वॅट-तास वीज लागते. म्हणजे नऊ वॅटचा बल्ब जेमतेम दीड मिनिट. पण मॉडेल, म्हणजे उत्तर देणारी ती संगणकप्रणाली, घडवताना महिनोन्‌महिने जी वीज जाते, ती यात धरलेली नाही. आणि असे प्रश्न जगभर रात्रंदिवस चालूच असतात.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2025 च्या अहवालानुसार जगातल्या डेटा सेंटर्सनी, म्हणजे एआय आणि इंटरनेट चालवणाऱ्या संगणकांच्या कोठारांनी, 2024 मध्ये सुमारे 415 अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का. 2030 पर्यंत ती 945 अब्जांवर जाईल, आणि या वाढीत मोठा वाटा एआयचा. एवढे मोठे आकडे डोक्यात उतरत नाहीत, म्हणून मी आपल्याकडचं माप लावलं. आपलं सोलापूरचं एनटीपीसीचं कोळशावरचं वीजकेंद्र 1320 मेगावॅटचं. ते वर्षभर एक मिनिटही न थांबता पूर्ण क्षमतेने चाललं, तर साडेअकरा अब्ज युनिट देईल. म्हणजे नुसती ही वाढ भागवायला अशी पंचेचाळीस-सेहेचाळीस केंद्रं लागतील. लेक गप्प झाली.

सोलापूरकराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वीज कुठून येते ते आपण रोज बघतो: कोळशाच्या वाघिणी, चिमणी, आणि पाणी उजनीचं. तेच उजनीचं पाणी शहरात नळाला काही दिवसांआड येतं. वीज इथून दूरही जाते. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, उरलेल्या देशाशी जोडली गेली. मला याचा अजूनही अभिमान वाटतो. पण ग्रिड एक झाली, की कुठल्याशा शहरातल्या सर्व्हरचा भार कुणाच्या तरी आभाळात धूर होऊन निघतोच.

म्हणून एआय वाईट, असं मी म्हणणार नाही. माझा आग्रह एकच आहे: वीज किती लागते याच्याइतकंच ती कधी लागते हेही विचारा. आमच्या मागांच्या कारखान्याच्या बिलात आता भर दिवसाची वीज स्वस्त पडते आणि संध्याकाळची महाग. माग थांबवता येत नाहीत, पण वार्पिंग (ताण्याचं सूत गुंडाळणं) आणि कांड्या भरणं आम्ही दिवसा उरकून घेतो. जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, सुरुवातीला कुरकुरला, "मालक, पाळीचा सगळा मेळ बिघडेल." आता तोच सकाळी पहिल्यांदा वार्पिंगला माणूस लावतो. हेच एआयलाही करता येतं. मॉडेलचं प्रशिक्षण, व्हिडिओवरची प्रक्रिया, ही कामं दुपारी, सौर वीज भरपूर असताना, होऊ शकतात. गूगल 2020 पासून तातडी नसलेली कामं स्वच्छ वीज जास्त असलेल्या वेळेला सरकवतं. हे ऐच्छिक राहू नये. डेटा सेंटरला जोडणी देतानाच तशी अट घालावी.

आणि एआयचं जे काम मला मनापासून हवंय, ते अंदाजाचं. कारखान्याच्या शेडवर सौर पॅनेल बसवल्यापासून मला ऊन वाचायची सवय लागली आहे. मोबाइलवर इन्व्हर्टरचा आलेख सकाळी सातपासून चढत जातो आणि एक ढग आला की कड्यावरून पडावा तसा खाली येतो. पॅनेलवर सुताचा तूस चिकटला की आलेखाचा माथाच खाली बसतो. मग पाण्याच्या दिवशी फडकं मारायचं. एका शेडचं हे असं, तर हजारो मेगावॅट सौर वीज सांभाळणाऱ्यांचं काय होत असेल? ढग कधी येईल ते ठाऊक नसतं, म्हणून कोळशाचे संच कमी भारावर का होईना, पेटते ठेवावे लागतात. थंड झालेला संच तासाभरात उभा राहत नाही. अंदाज जितका अचूक, तितके असे राखीव संच कमी. गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीने 2019 मध्ये जाहीर केलं, की अमेरिकेतल्या 700 मेगावॅट पवनऊर्जेचा 36 तास आधी अंदाज बांधला आणि त्या विजेचं मोल अंदाजे वीस टक्क्यांनी वाढलं. वारा तोच आणि पाती तीच होती, फक्त कधी किती मिळणार ते आधी कळलं.

लेकीला शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय हवाच होता. आपल्या शेडच्या उद्याच्या विजेचा अंदाज बांधायचं तिने ठरवलं आहे, आणि तेही घरच्या साध्या लॅपटॉपवर. उद्या तिला इन्व्हर्टरची सगळी नोंद काढून द्यायची आहे. पॅनेल कधी पुसली त्या तारखाही ती मागतेय. त्या जॉबरच्या वहीत सापडतील.